रा. रा. पुळणीवरचे गाडीवाले यांस

रा. रा. पांढऱ्या उंच गाडीचे मालक यांस,

मु. पो. मुरुड, ता. दापोली येथून कृतानेक साष्टांग नमस्कार वि. वि.

नाताळच्या सुट्टीत आपण सहकुटुंब आमच्या गावी आलात आणि थेट आमच्या किल्ल्यावर आलात. आपलं स्वागत करायचं राहून गेलं, कारण त्या वेळी मी ओरडत होते. म्हणून हे पत्र.

किल्ला कोणता, हे आपल्या लक्षात आलं नसेल. त्या दिवशी सकाळीच मी नातवंडांना हर्णैहून होडीने सुवर्णदुर्गावर नेलं होतं. महादरवाजाच्या पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीवरचा मारुती दोघांच्या डोक्यात असा बसला, की दुपारी चार घास पोटात ढकलून दोघं पुळणीवर तोच किल्ला बांधायला बसली. दोन तास खपत होती. तटबंदी झाली, समुद्र म्हणून भोवती खंदक झाला, दारात कासवाच्या जागी पालथा शिंपला. मारुती धाकटीने काढला. तो हापूस आंब्यासारखा दिसत होता, पण त्याला शेपूट होतं. खरा सुवर्णदुर्ग घ्यायला १७५५ साली कमोडोर जेम्सला आरमार आणून तोफा डागाव्या लागल्या होत्या. आमचा आपण पुढच्या डाव्या चाकाने घेतलात, गाडीतलं गाणंसुद्धा बंद न करता.

धाकटी पाच वर्षांची आहे. ती चाकापासून चार हातांवर होती. नंतर मी पावलं टाकून मोजलं. आणखी शिंपले आणायला उठली होती, म्हणून चार हात. नाहीतर ती त्या दारातच बसलेली होती. इथे मला उपरोध सुचत नाही. तुम्ही काच खाली केलीत, हात हलवलात आणि आणखी एक गोल मारलात. अहो, पोटात कालवलं नाही तुमच्या? मागच्या सीटवर तुमचंच पोर होतं ना?

असो. पाहुण्याला असं बोलू नये. आपली अडचणही समजून घेतली पाहिजे. गाड्या लावायच्या जागेपासून पाण्यापर्यंत चांगली शंभर-सव्वाशे पावलं पडतात. एवढं कोण चालणार? याच मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८७५ साली परीक्षेसाठी कुंभार्ली घाटाने पायी साताऱ्याला गेले, आणि ‘सतरा वर्षांचा दिसत नाहीस’ म्हणून परत पाठवले गेले. बिचाऱ्यांकडे गाडी नव्हती. पुढे १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं, तेव्हा याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. आणि आपण पोर चिरडता चिरडता राहिलात, तर गाव आपल्याला ‘सर’ म्हणतं. ‘सर, खाली जाते गाडी, बिनधास्त घ्या.’ वाहनं नेऊ नयेत असा फलक लावणारं गाव आणि फलकाला टेकून आपल्याला वाट दाखवणारं गाव एकच आहे, हेही इथे लिहून ठेवते.

लाटांवरच्या त्या रबरी केळ्यावरची बोंबाबोंब, डॉल्फिनला घातलेल्या शिट्ट्या, सुरूच्या बनातली चिप्सची पाकिटं यांबद्दल या पत्रात तक्रार नाही. त्या पत्रांना वेगळा कागद लागेल. मात्र आपण गोल मारत होतात तिथे ओहोटीला बारके खेकडे वाळूचे गोळे करून रांगोळी मांडतात. ती बघायला पैसे पडत नाहीत आणि पोरं तासभर हलत नाहीत. याच दिवसांत, नोव्हेंबर ते मार्च, या किनाऱ्यावर समुद्री कासविणी रात्री वर येऊन वाळूत शंभर-शंभर अंडी पुरून जातात. पिल्लं वाळू उकरून आपली आपण वर येतात. वरून आपली दीड-दोन टनांची गाडी गेली, की वाळू दाबली जाते आणि त्यांना वर येणं कठीण होतं. वेळासला, आंजर्ल्याला माणसं ही पिल्लं समुद्रात जाताना बघायला पोराबाळांना घेऊन पहाटे उठतात. आपण उठला असतात की नाही, सांगता येत नाही.

आता गाडी रुतली तो भाग. ‘भरती’ हा शब्द आपल्याला नोकरीच्या जाहिरातीतूनच ठाऊक असावा. त्या दिवशी द्वादशी होती. तिथीची पाऊणपट करायची, हा हिशेब इथल्या शेंबड्या पोराला येतो. बाराची पाऊणपट नऊ. रात्री नवाला पूर्ण भरती, म्हणजे तीनपासून पाणी चढायला लागलेलं. पाचाला आपण ओल्या वाळूत थांबून फोटो काढलात आणि मग आपला पाय जितका जोरात पडत गेला, तितकी गाडी खाली बसत गेली. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

साडेपाचाला आपण गुडघ्यांवर बसून माझ्या नातीचं प्लॅस्टिकचं फावडं मागितलंत. ‘बेटा, देतेस का?’ तिने दिलं. तेवढ्यात आपला फोन वाजला आणि खाऱ्या पाण्यात उभे राहून आपण म्हणालात, ‘हो सर, उद्या सकाळी पाठवतो सर.’ म्हणजे आपणही कुणाला तरी सर म्हणता. सौ. बोलत नव्हत्या. आपण कुणालाच उद्देशून नाही असं पुटपुटलात, ‘अजून बावीस हप्ते राहिलेत.’ माझा राग तिथे अर्धा झाला, आणि ते मला आवडलं नाही.

आपली मुलगी तेव्हा पहिल्यांदा गाडीतून उतरली. ‘हे खेकडे खरे आहेत?’ तिने विचारलं. मग तिघांनी मिळून आपल्या गाडीभोवती खंदक खणला, समुद्र अडवायला. समुद्र अडला नाही. पण दोन दिवसांच्या सहलीत ती पोरगी हसली ती तेवढीच असावी. आपण बॉनेटवर हात ठेवून तिच्याकडे बघत होतात, ते मी पाहिलं.

ट्रॅक्टरचे चार हजार आपण घासाघीस न करता दिलेत. ट्रॅक्टर माझ्या पुतण्याचा. ‘अरे, दोन घे,’ मी म्हटलं. ‘काकू, सीझन आहे,’ म्हणाला. हे पत्र लिहू नकोस, असंही म्हणतोय. गाड्या रुतल्या नाहीत तर त्याचा हप्ता कसा जायचा? कर्व्यांना वाळीत टाकणाऱ्या गावाने आपल्याला वाळूतून काढलं ते असं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
किल्लेदारांची आजी

ता. क. आपल्या मुलीची उजव्या पायाची गुलाबी चप्पल आमच्या पडवीत आहे. धाकटी ती रोज धुऊन ठेवते. न्यायला याल तर पौर्णिमेच्या आसपास या. संध्याकाळी पाचाला ओहोटी असते आणि उधाणाची म्हणून वाळू लांबपर्यंत उघडी पडते. गाडी वरच लावा. फावडी आमच्याकडे तीन आहेत.