दहा मिनिटांत मोठे कसे व्हावे : लोककथेवर अ‍ॅनिमेशनपट काढणाऱ्या नवशिक्यांसाठी

साहित्य : एक लोककथा (हिचा लेखक मानधन मागायला येत नाही), एक पोरके पोर, एक जंगल, काळा पुठ्ठा, कात्री आणि पगारी नोकरी असलेला नातेवाईक.

1. आईबापांचा बंदोबस्त करा. पहिल्याच मिनिटात त्यांना गोष्टीबाहेर काढा. आई घरात असली तर ‘आधी जेवून घे, मग जा जंगलात’ म्हणेल आणि पोर जेवून झोपेल. सावत्र आई मात्र चालेल.

2. बाहुली कापा. गुरू म्हणून लॉटे रायनिगर यांना माना. बर्लिनच्या या बाईंनी 1922 साली ‘सिंड्रेला’ केला, तोही सुरुवातीलाच पडद्यावर कात्री चालवून. हातपाय वेगवेगळे कापा आणि सांधे बारीक तारेने जोडा. बाहुली काचेवर आडवी ठेवा. काचेखाली दिवा, वर कॅमेरा. बाहुली तसूभर सरकवा, फोटो घ्या, पुन्हा सरकवा. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर दहा मिनिटांना 14,400 लागतात. नायिका वयात येईपर्यंत तुमचे केस पिकतील. नातेवाईक लागतो तो यासाठी.

3. रडवा, पण डोळ्यांशिवाय. छायाकृतीला नाक असते, डोळे नसतात, त्यामुळे टपोऱ्या अश्रूंची सोय नाही. मान किंचित खाली, खांदा पुढे, हात गुडघ्यापर्यंत लोंबता, एवढ्यावर दुःख भागवावे लागते. जमले नाही तर व्हायोलिन वाजवा. सगळे तेच करतात.

4. रक्त पुसा. ग्रिमबंधूंच्या कथेत बुटात पाय मावावा म्हणून सावत्र बहिणी स्वतःचाच पाय छाटतात. रायनिगरबाईंनी हे ठेवले आहे, सुरीसकट. तुम्ही धाडस करू नका. बूट ‘जरासा घट्ट’ दाखवा आणि बहिणीला समुपदेशकाकडे पाठवा.

5. कामे वगळा. मूळ गोष्टीत सिंड्रेलाला राखेत सांडलेली मसूर निवडावी लागते. निवडून झाली की पुन्हा सांडतात, तीही दुप्पट. असले काही दाखवू नका, प्रेक्षक कंटाळतो. त्याऐवजी नायिकेला कड्यावर उभी करा, केस उडवा आणि ‘मी आता मला ओळखते’ असे म्हणायला लावा. नाहीतर ती मोठी झाली हे दुसऱ्या कोणाला कळणार कसे?

6. हे सगळे नीट पाळले, तर चित्रपट एखाद्या महोत्सवात नक्की लागेल आणि दुसऱ्या दिवशी कोणाला आठवणार नाही. आठवायला हवा असेल, तर चौथी आणि पाचवी सूचना फाडून टाका. लोककथेतले पोर भाषणाने मोठे होत नाही, ते मसूर निवडून होते. तेव्हा बसा निवडायला. फ्रेमा तेवढ्याच लागतील.