शंभर नंबरी टाकीचे शास्त्र

प्रस्तुत मार्गदर्शन उच्च क्षमतेच्या स्पोर्ट्स कारच्या मालकांसाठी आहे. ज्यांच्याकडे अशी कार नाही, पण ज्यांच्या मेहुण्याकडे आहे, त्यांना त्याचा जास्त उपयोग होईल. मालक फक्त पेट्रोल भरतो. त्याबद्दल ऐकावं आपल्याला लागतं.

नियम १. टाकीचे झाकण उघडून आत पाहावे.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक लहानशी पट्टी चिकटवलेली असते. गाडीला किती ऑक्टेनचं पेट्रोल लागतं, ते तिच्यावर छापलेलं असतं. तेच माहितीपुस्तिकेतही असतं. अलीकडच्या बहुतेक पोर्शे ९११ च्या पुस्तिकेचं म्हणणं असं की ९८ ऑक्टेन उत्तम, ते नसेल तर किमान ९५ चालेल. इंजिन आपलं टायमिंग आपण सावरून घेईल. वास्तविक मार्गदर्शन इथे संपलं.

पण ते इथे संपून कसं चालेल? आमच्या मेहुण्यांचा प्लायवुडचा धंदा आहे, वय पन्नाशीच्या पुढे, आणि लाल रंगाची ९११ त्यांनी घेतली तीही दुसऱ्या हातची. (‘सेकंडहँड’ म्हटलेलं चालत नाही, ‘प्री-ओन्ड’ म्हणावं लागतं.) उभ्या आयुष्याची हौस ज्या गाडीत ओतली, तिच्या आहाराचा निर्णय एका चिकटपट्टीवर सोडायचा? मग दर रविवारी सकाळी आमच्याकडे पोहे खाताना बोलायचं कशावर?

नियम २. ऑक्टेन म्हणजे काय, हे समजून घ्यावे. समजल्यावर कोणालाही सांगू नये.

सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका बाजूकडून पसरत जाते. दाब आणि उष्णता प्रमाणाबाहेर गेली की पलीकडच्या कोपऱ्यातलं मिश्रण ज्योत पोचायच्या आतच आपण होऊन भडकतं. लग्नाच्या पंगतीत श्लोक पुरा व्हायच्या आत कोपऱ्यातल्या टोळक्याने जिलबीवर हात मारावा, तसा प्रकार. इंजिनात त्याची टकटक ऐकू येते. गॅरेजवाले म्हणतात, ‘गाडी नॉकिंग मारते’. फार दिवस मारली तर पिस्टनला भोक पडू शकतं.

ऑक्टेनचा आकडा एवढंच सांगतो, की हे पेट्रोल दाबाखाली किती वेळ धीर धरेल. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० गुण आणि हेप्टेनला शून्य, ही मोजपट्टी अमेरिकेत १९२० च्या दशकात ठरली. ९५ आणि ५ या प्रमाणात त्यांचं मिश्रण जेवढं टिकतं तेवढं आपलं पेट्रोल टिकलं, की ते ९५ चं. या आकड्यात ताकद कुठेही मोजलेली नाही. १०० ऑक्टेनच्या लिटरात ९५ च्या लिटरापेक्षा जास्त अश्वशक्ती भरून ठेवलेली नसते. जे इंजिन मिश्रण खूप दाबतं, किंवा टर्बो लावून हवा कोंबतं, त्याला धीराचं पेट्रोल लागतं, इतकंच. ९११ जीटी३ मिश्रण १३.३ पट दाबते. माझी स्कूटर दहापटीच्या आसपास दाबते आणि तेवढ्यावर समाधानी आहे.

मी हे सगळं एकदा सविस्तर सांगितलं. मेहुणे शांतपणे म्हणाले, “जावईबापू, तुम्ही चालवून बघा, मग बोला.” किल्ली मात्र पुढे केली नाही.

नियम ३. जुन्या पेट्रोलची आठवण काढू नये.

‘पूर्वीच्या पेट्रोलचा वासच वेगळा, गाडी कशी मख्खन चालायची,’ असं जे म्हणतात, ते बहुधा शिशाबद्दल बोलत असतात. टॉमस मिजली याने १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड घालून नॉकिंग थांबवलं. मग जगभरच्या गाड्यांनी पुढची काही दशकं शिसं हवेत सोडलं आणि लहान मुलांनी ते छातीत भरून घेतलं. भारतात शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. ते गेलं ते बरं झालं. या एका मुद्द्यावर मला विनोद सुचत नाही.

नियम ४. परदेशस्थ नातेवाइकांशी आकड्यांची तुलना करू नये.

आमच्या फॅमिली ग्रुपवर हे महाभारत घडून गेलेलं आहे. मेहुण्यांनी पंपावरचा फोटो टाकला, त्यात ठळक १००. न्यू जर्सीच्या चुलत मेहुण्यांनी कळवलं, की आमच्याकडे सगळ्यात भारी ९३. इकडे आनंदीआनंद. अमेरिकेला सात गुणांनी हरवल्याची भावना घरात दोन दिवस होती. तेवढ्यात स्टुटगार्टच्या भाच्याने आराल कंपनीच्या १०२ चा फोटो टाकला आणि ग्रुपवर सुतक पसरलं.

खरी गोष्ट अशी, की भारत आणि युरोप पंपावर जो आकडा लिहितात तो एका चाचणीचा. तिचं नाव रिसर्च ऑक्टेन. दुसरी चाचणी, मोटर ऑक्टेन, इंजिन जास्त वेगाने फिरवून आणि आत जाणारं मिश्रण गरम करून घेतात, म्हणून तिथे गुण कमी पडतात. अमेरिकन लोक दोन्हींची सरासरी छापतात. त्यांचं ९३ म्हणजे आपल्या हिशेबात साधारण ९८. त्यामुळे चुलत मेहुणे सात नव्हे, जेमतेम दोन गुणांनी हरले होते. हे मी ग्रुपवर लिहिलं. उत्तरादाखल ‘सुप्रभात’ आलं, तेही दुपारी.

जाता जाता: न्यू जर्सीत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला १९४९ पासून कायद्याने बंदी आहे. अमेरिकेत गेलेला आपला माणूस भांडी स्वतः घासतो, बर्फ स्वतः उपसतो, आणि पेट्रोल भरताना पुण्यासारखा गाडीतच बसून राहतो.

नियम ५. पंप निवडताना सर्वप्रथम त्याचा उतार पाहावा.

ऑक्टेनविषयक सर्व साहित्यात या मुद्द्याकडे दुर्लक्ष झालेलं आहे. स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीपासून चार बोटांवर असतं. रस्ता आणि पंप यांच्यामध्ये गटारावर टाकलेला काँक्रीटचा उंचवटा असतो. तो ओलांडताना पुढच्या बंपरखालून जो आवाज येतो, तो कोणत्याही नॉकिंगपेक्षा महाग पडतो. म्हणून जाणकार मालक आधी उंचवटे पाठ करतो आणि ऑक्टेन नंतर ठरवतो. मेहुण्यांच्या घराजवळच्या एका पंपावर १०० मिळतं, पण तिथे गाडी चढत नाही. जिथे चढते तिथे ९५ मिळतं. तेव्हा गेले कित्येक महिने त्यांची गाडी ९५ वर चालू आहे, पुस्तिकेच्या हिशेबात बसते आहे आणि उत्तम पळते आहे. ही माहिती गोपनीय आहे.

दुसरी कसोटी, पंपाचा खप. महागड्या पेट्रोलला गिऱ्हाईक कमी, त्यामुळे आडबाजूच्या पंपावर ते जमिनीखालच्या टाकीत बरेच दिवस पडून राहू शकतं. वर्दळीचा पंप बरा. घनता लिहिलेली असते ती वाचावी. शंका आली तर फिल्टर पेपर मागावा, मापाची शंका असेल तर पाच लिटरचं माप मागावं. दोन्ही ठेवणं पंपावर बंधनकारक आहे. शंभर रुपयांऐवजी एकशे दहाचं मागितलं की माप चोख मिळतं, ही समजूत मात्र घरी ठेवावी.

आणि भरणाऱ्या पोराशी सौजन्याने वागावं. तो नळी घेऊन मागे जातो, दोन्ही बाजू बघतो आणि विचारतो, “साहेब, टाकी कुठंय?” ९११ चं इंजिन मागे आणि टाकी पुढे, झाकण उजव्या पुढच्या चाकाच्या वर. मेहुणे या प्रश्नाची वाट पाहत असतात. उतरतात, झाकण दाबून उघडतात, आणि मग एवढ्या प्रेमाने समजावून सांगतात की मागची रिक्षा हॉर्न वाजवायची थांबते. तो पोरगा म्हणतो, “झिरो बघा साहेब.” मेहुणे बघत नाहीत. ते गाडी बघत असतात. अशा वेळी मला त्यांचा रागच येत नाही, हीच मोठी अडचण आहे.

नियम ६. बाटलीतला ‘ऑक्टेन बूस्टर’ विकत घेऊ नये.

डांबराच्या गोळ्या टाकीत टाकणारी एक पिढी आपल्याकडे होऊन गेली. गोळ्या निदान कपाटातही उपयोगी पडायच्या.

नियम ७. इथेनॉलवर मत देण्यापूर्वी घड्याळ पाहावे.

या विषयावर चर्चा सुरू झाली तर जेवण थंड होतं. थोडक्यात सांगायचं तर इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच जास्त आहे. त्यामुळे बीएस-६ चं ९१ चं साधं पेट्रोल २० टक्के इथेनॉलमुळे ९५ पर्यंत पोचलं, असं सरकारच सांगतं. म्हणजे आकड्याच्या नादाने जे मेहुण्यांनी शोधलं, ते माझ्या स्कूटरला न मागता मिळालं. पण इथेनॉलच्या लिटरात ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं घटतं. शिवाय ते हवेतला ओलावा ओढून घेतं. रोज फिरणाऱ्या गाडीत तेवढा वेळच मिळत नाही. कव्हर घालून झाकलेल्या आणि रविवारी पहाटे लोणावळ्यापर्यंतच जाणाऱ्या गाडीत मात्र वेळच वेळ असतो. तेव्हा गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर ऑक्टेनपेक्षा पेट्रोलच्या वयाची चिंता करावी. झाकून ठेवण्यासाठी गाडी घेतली आहे का, हा प्रश्न मी विचारत नाही, वहिनी विचारतात.

नियम ८. वापर कुठे आहे, ते पाहावे.

टकटकीचा धोका असतो तो पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला, इंजिनावर जोर आणि हवा तापलेली असताना. कर्वे रस्त्यावर टेम्पोच्या मागे ताशी बारा किलोमीटरने सरकताना ९११ ला १०० ऑक्टेनचा काहीही उपयोग नाही. द्रुतगती मार्गावर मर्यादा १०० ची, आणि वर कॅमेरे. मेहुण्यांना त्यातल्या त्यात समाधान एवढंच, की निदान आकडे जुळतात.

नियम ९. हे पेट्रोल स्कूटरमध्ये भरू नये.

इंजिनाचं टायमिंग त्याच्यासाठी बांधलेलंच नसेल तर जादा ऑक्टेन पैशाशिवाय काहीही जाळत नाही. हा नियम लिहून ठेवण्याचं कारण गेली भाऊबीज. ओवाळून झाल्यावर मेहुणे खाली गेले, बहिणीची (म्हणजे आमच्या हिची) स्कूटर घेऊन त्या उंचवट्याच्या पंपावर गेले (स्कूटर आरामात चढते) आणि टाकी काठोकाठ १०० ने भरून आणली. लिटरला दीडशेच्या पुढे भाव. “तायडे, ही ओवाळणी,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या स्कूटरवर, ती तिच्या, असे भाजी आणायला निघालो. नळस्टॉपच्या सिग्नलला ती म्हणाली, “पिकअप केवढा वाढलाय बघ!” मी म्हटलं, हे शक्य नाही, दाबाचं प्रमाण बदलल्याशिवाय पेट्रोलमुळे असा फरक... तेवढ्यात दिवा हिरवा झाला आणि माझं वाक्य ऐकायला माझ्या शेजारी एक पीएमपीची बस उरली.