हरकती व सूचना

सक्करदरा चौकात तर्री-पोह्याची प्लेट हातात आली की नगर नियोजनाची बैठक आपोआप सुरू होते. कोरम कधी कमी पडत नाही. बुधवार बाजाराच्या दिवशी हातगाड्या कुठे लागाव्यात, पावसाचं पाणी कोणत्या गल्लीत घुसतं, उड्डाणपुलाखालून म्हाताऱ्या माणसाने रस्ता कसा ओलांडावा, सगळं तोंडपाठ. फक्त इतिवृत्त कोणी लिहीत नाही.

ज्यांना लिहिता येतं त्यांची रीत वेगळी. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याचा मसुदा राजपत्रात झळकतो आणि हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. मोहल्ल्यात राजपत्र कोण वाचतो, असं विचारू नये. नकाशा पाहायला ठेवलेला असतो ना! आपल्या घरावरून गेलेली रेघ म्हणजे नियोजित रस्ता की कागदाची घडी, हे ज्याला उमगलं त्याने खुशाल हरकत घ्यावी.

नागपूरकर तर दुप्पट भाग्यवान. महापालिका आहे, शिवाय सुधार प्रन्यास. नाली कोणाची हे ठरेस्तोवर उन्हाळा लागतो आणि नाली आपोआप कोरडी होते.

२००९ साली क्षेत्र सभा कायद्यात आली. मतदारांनी बसून आपल्या भागाची कामं सुचवायची, अशी सुरेख कल्पना. ती कायद्यातच थांबली. बाहेर ऊन फार. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आले आणि पुढची कित्येक वर्षं चौकात शिव्या घालायला हक्काचा माणूसही उरला नाही. प्रशासकाला घालायच्या तर त्या विहित नमुन्यात, दोन प्रतींत.