आजीच्या आवाजावर सनई

रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या मराठी घरांत माळ्यावर किंवा दिवाणाच्या पोटात एक पिशवी हमखास असते. तिच्यात बंद पडलेला कॅमकॉर्डर, चार्जर, काही कॅसेटी, काही डीव्हीडी आणि कशाचं ते कोणालाच सांगता येत नाही असं एखादं मेमरी कार्ड. घरात वर्षश्राद्ध किंवा सहस्रचंद्रदर्शन आलं की तिची आठवण होते आणि ज्याला कॉम्प्युटरवर हे जमतं त्याच्याकडे ती पोचवली जाते. आमच्या गल्लीत ती माझ्याकडे येते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, हे काम मला आवडतं. पिशवी माझ्या हाती येण्याआधीच त्यातल्या चित्राचे आणि आवाजाचे जे हाल होऊन बसलेले असतात, त्याबद्दल मात्र तक्रार आहे. ती मी शांतपणे, एकेक करून मांडणार आहे.

आधी हे एवढं मनाला का लागतं ते सांगतो. रायपुरात मराठी माणूस काल आलेला नाही. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीत आलेली कुटुंबं 1854 साली ते राज्य खालसा झाल्यावरही इथेच राहिली. तात्यापारा, बूढापारा इथली जुनी घरं त्याची साक्ष आहेत. चौबे कॉलोनीतलं महाराष्ट्र मंडळ 1935 सालचं. इतक्या पिढ्या इथे काढल्यावर आमच्या घरातली मराठी आमचीच झाली. तिच्यात नागपूर आहे, हिंदी आहे आणि थोडी छत्तीसगढीही आहे. ‘पाहुणे येऊन राहिले, तू काय करून राहिली’ असं बोलणारी आजी पुण्याच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. ती सापडेल हळदीच्या, मुंजीच्या, बारशाच्या शूटिंगमध्ये, कॅमेऱ्याकडे पाठ करून कोणाला तरी काहीतरी सांगत असताना. हे बोलणं दुसरीकडे कुठेच नोंदलेलं नाही. म्हणून ही रेकॉर्डिंगं बिघडली की मला राग येतो.

पहिली तक्रार दुकानातल्या ‘मिक्सिंग’ची. शेजारच्या ताईंनी आपल्या लग्नाची डीव्हीडी आणून दिली. त्यांची अपेक्षा एवढीच होती की हळदीच्या वेळी आजी जात्यावर बसून ओव्या म्हणत होती, तेवढा भाग वेगळा काढून मिळावा. डीव्हीडी लावली. आजी दिसते. जात्याचा खुंटा धरलेला हात दिसतो, हातातल्या बांगड्या दिसतात, ओठ हलतात. ऐकू येते ती सनई, आणि सनई संपली की सिनेमातलं गाणं. ओवीचा एक शब्द नाही. शूटिंग करणाऱ्याने मूळ आवाज काढून टाकला आणि सबंध हळदीवर तयार संगीत चढवलं. त्या काळी सगळे असंच करत, त्याला ‘फिनिशिंग’ म्हणत आणि त्याचे पैसे वेगळे घेत. ताईंनी विचारलं, “दादा, खालचा आवाज वर नाही का काढता येत?” खाली आवाज असता तर काढला असता. तो पुसूनच टाकलेला आहे. मूळ कॅसेटचं विचारायला गेलो, तर ती परत वापरली किंवा टाकून दिली असेल, असं उत्तर मिळालं. लग्नघराने पैसे मोजून आपल्या आजीचा आवाज घालवला, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसरी तक्रार चित्राची. आपल्याकडचे जुने कॅमेरे पाल पद्धतीचे. त्यात सेकंदाला 25 चित्रं असतात, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांचं असतं. आधी एकाआड एक रेषा टिपल्या जातात आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या रेषा. जुन्या टीव्हीच्या पडद्यावर हे दोन्ही अर्धे एकामागून एक उमटत, त्यामुळे डोळ्याला खटकत नसे. कॉम्प्युटर आणि मोबाइल ते दोन्ही एकाच वेळी दाखवतात. माणूस स्थिर बसला असेल तर काही वाटत नाही. हात हलला की हाताच्या कडेला दातेरी रेषा येतात. ताटातली अक्षत उडवणारा हात, गरगर फिरणारी फुगडी, सगळ्याला दाते. हे निस्तरण्याची रीत साधी आहे. कन्व्हर्ट करताना ‘डीइंटरलेस’ हा पर्याय निवडायचा, आणि सेकंदाला 50 चित्रं ठेवली तर हालचालही मुळासारखी सळसळती राहते. पण दुकानदार तो पर्याय पाहतच नाही. तो फाइल आकाराने लहान करतो, म्हणजे त्या दातेरी रेषा चित्रातच मुरतात. मग त्या पुरत्या काढणं कोणाच्याही हातात राहत नाही.

याच चित्राला आणखी एक दुखणं जडतं. मिनीडीव्ही या छोट्या कॅसेटवरचं चित्र 720 बाय 576 ठिपक्यांचं. ते चार बाय तीन या प्रमाणात दाखवायचं असतं. आता टीव्ही रुंद आले, म्हणून चित्र ताणून पडदा भरायचा, अशी पद्धत पडली आहे. त्यात किडकिडीत नवरदेव गोल होतो आणि उंच आत्या बुटकी. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले तर लोक दुकानदाराला म्हणतात, ‘स्क्रीन फुल नाही.’ आपल्या माणसांचे चेहरे बिघडले तरी चालतात, पडद्याचे कोपरे रिकामे चालत नाहीत.

तिसरी तक्रार कंपन्यांची. 1985 साली व्हिडिओ8 ही कॅसेट आली, 1989 साली हाय8, 1995 साली मिनीडीव्ही, 1999 साली डिजिटल8. मग लहान डीव्हीडीवर टिपणारे कॅमेरे आले, आणि 2006 साली एव्हीसीएचडी ही रेकॉर्डिंगची नवी पद्धत. दर वेळी जुनं वाजवणारं यंत्र बाजारातून हळूहळू नाहीसं झालं. मिनीडीव्हीची फीत 6.35 मिलिमीटर रुंद, पण तिच्यावरचं चित्र आजही उत्तम असतं. फक्त ते जसंच्या तसं बाहेर काढायला फायरवायरचं तोंड लागतं. ते आजच्या लॅपटॉपला नाही. कॅमेऱ्याला यूएसबीचंही तोंड असतं, पण बहुतेक कॅमेऱ्यांत ते फोटोंसाठी दिलेलं, फितीवरचं पूर्ण चित्र त्यातून येत नाही. जयस्तंभ चौकाजवळच्या बाजारात मोबाइलची हवी ती वायर मिळते. फायरवायर मागितली की दुकानातला मुलगा आपल्या मालकाकडे पाहतो आणि मालक आपल्याकडे. ॲपलने 2025 सालच्या मॅकओएस टाहोमधून फायरवायरचा आधारच काढून टाकला. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने 2016 साली ते काम थांबवलं, आणि तिच्यानंतर ते बनवणारं कोणी उरलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने 2015 सालीच बजावलं होतं की 2025 पर्यंत ज्या फिती डिजिटल होणार नाहीत, त्या बहुतेक गमावल्या असं समजा. ती मुदत उलटली. युनेस्कोनेही 2019 साली चुंबकीय फितींबद्दल असाच इशारा दिला. संग्रहालयांना निदान कोणी इशारे तरी देतं. दिवाणाच्या पोटातल्या कॅसेटीला ते कोण सांगणार?

चौथी तक्रार एमपी4 च्या हट्टाची. ‘काका, एमपी4 करून द्या,’ एवढंच सांगितलं जातं. एमपी4 हा नुसता डबा आहे. आतला माल म्हणजे चित्र आणि आवाज. एव्हीसीएचडी कॅमेऱ्याच्या एमटीएस फाइलमधलं चित्र ज्या एच.264 पद्धतीचं असतं, तेच एमपी4 मध्येही चालतं. म्हणजे एका डब्यातली डाळ दुसऱ्या डब्यात ओतायची, भरडायची नाही. फाब्रीस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने 2000 साली सुरू केलेलं एफएफएमपेग फुकट मिळतं आणि हे ओतण्याचं काम थोड्या वेळात करतं. चित्राला धक्का लागत नाही. तरीही दुकानात, आणि फुकटच्या ‘कन्व्हर्टर’मध्येही, डाळ दर वेळी भरडली जाते. कोणी मोबाइलसाठी भरडतो, मग त्या भरडलेल्याची कोणी टीव्हीसाठी भरड करतो, शेवटी ते व्हॉट्सॲपवर जातं आणि तिथे तिसऱ्यांदा भरडलं जातं. मिनीडीव्हीची तासाभराची मूळ फाइल साधारण 13 जीबी असते. माझ्याकडे तिचं रूप येतं ते एका जीबीच्या आतलं, आणि त्यातला कोणता चेहरा कोणाचा हे आवाजावरून ओळखावं लागतं, आवाज असलाच तर.

पाचवी तक्रार मेमरी कार्डाची. एव्हीसीएचडी कार्डात ‘प्रायव्हेट’ नावाचा फोल्डर, त्यात ‘एव्हीसीएचडी’, त्यात ‘बीडीएमव्ही’, त्यात ‘स्ट्रीम’, आणि तिथे 00000.एमटीएस, 00001.एमटीएस अशा फाइली. लोक नेमक्या एमटीएस तेवढ्या उचलतात आणि बाकीचं फापटपसारा समजून पुसतात. त्या फापटपसाऱ्यात कोणती फाइल कोणत्या फाइलला जोडायची हे लिहिलेलं असतं. या कार्डांवरच्या एका फाइलला 4 जीबीची मर्यादा असते, त्यामुळे लांबलचक शूटिंग कॅमेरा आपोआप तुकड्यांत ठेवतो. प्रत्येक तुकडा वेगळा कन्व्हर्ट केला की सांध्यावर क्षणभर आवाज तुटतो. गणेशोत्सवातल्या नाटकात तो क्षण कुठे येईल सांगता येत नाही. माझ्याकडे आलेल्या एका नाटकात तो बरोबर शेवटच्या प्रवेशातल्या मुख्य वाक्यावर आला होता. मूळ कार्ड मागवलं, तर त्यावर तोवर सहलीचे फोटो भरले होते.

सहावी तक्रार तारखांची आणि नावांची, आणि ती मी कोणत्याही कंपनीवर ढकलू शकत नाही. कॅसेटीच्या पाठीवर चिठ्ठी असते, चिठ्ठीवर ‘लग्न’ लिहिलेलं असतं. कोणाचं, कुठे, कोणत्या साली, काही नाही. फाइल कन्व्हर्ट करताना संगणक आजची तारीख चिकटवतो, आणि पुढच्या पिढीला वाटतं की आजोबांची साठी गेल्या पावसाळ्यात झाली. चित्रात पंचवीस-तीस माणसं असतात. त्यांतली निम्मी कोण हे सांगू शकणारी एकच मामी उरलेली असते, आणि तिला कोणी विचारत नाही, कारण सगळे ‘आधी एमपी4 होऊ द्या’ म्हणून थांबलेले असतात.

डीव्हीडीबद्दल थोडक्यात. ‘डीव्हीडीवर घेतलंय, आता काळजी नाही’ हे वाक्य मी फार ऐकलं. घरी बर्न केलेल्या डीव्हीडीचा रंगाचा थर काळाने खराब होतो. कॅमेऱ्यातली आठ सेंटिमीटरची लहान डीव्हीडी ‘फायनलाइझ’ केली नसेल तर बहुतेक यंत्रं ती वाचत नाहीत, आणि आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती घालायचीच नसते, अडकते. नव्या लॅपटॉपना तर ड्राइव्हच नसतो. पेनड्राइव्हवर भरवसा ठेवणाऱ्यांनाही हेच सांगणं. ती वाहून नेण्याची वस्तू आहे, जपून ठेवण्याची नव्हे.

हे सगळं टाळता येतं आणि त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. कॅसेट असेल तर चालू कॅमेरा असलेल्या माणसाला गाठा. तासाभराची कॅसेट उतरवायला तासच लागतो, त्याला घाई करू नका. कार्ड असेल तर संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा आणि त्याला साल, महिना, प्रसंग आणि गाव असं नाव द्या. ही झाली मूळ प्रत. तिला हात लावायचा नाही. बघायला, पाठवायला जी एमपी4 लागेल ती या प्रतीवरून बनवा, हवी तितकी बनवा. मूळ प्रतीच्या तीन प्रती ठेवा, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत घराबाहेर, नागपूरच्या बहिणीकडे किंवा पुण्याच्या मुलाकडे. दुकानात द्यायचं झालं तर आधी लिहून द्या की मूळ आवाज काढायचा नाही, चित्र ताणायचं नाही, मूळ फाइल परत हवी. दुकानदार वाईट नसतो. त्याला ग्राहकाने कधी हे मागितलेलंच नसतं.

आपल्याकडे सोनं लॉकरमध्ये असतं, घराचे कागद प्लॅस्टिकच्या फाइलीत असतात, एलआयसीच्या पावत्याही सापडतात. घरातल्या माणसांचं बोलणं मात्र कुठल्याशा कार्डावर असतं आणि कार्ड भरलं की ‘फॉरमॅट’ दाबलं जातं. माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम चुकीचा आहे. सोनं पुन्हा घेता येतं.

तेव्हा चौबे कॉलोनीतल्या आणि चौबे कॉलोनीबाहेरच्याही वाचकांना विनंती. माळ्यावरची पिशवी या दिवाळीच्या साफसफाईत भंगारात देऊ नका. ती उघडा, मूळ प्रत बनवा, आणि त्या मामीला शेजारी बसवून चित्रातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहून घ्या. कॅसेट कदाचित आणखी काही वर्षं तग धरेल. मामीला आजच विचारा.