टस्कनी नियोजन समिती, भंडारा

भंडाऱ्यात सध्या धानाच्या बोनसपेक्षा टस्कनीची चर्चा जास्त आहे. निदान आमच्या कॉलनीत तरी. इटलीच्या ह्या डोंगराळ, ऐतिहासिक मुलखात सहल काढायची म्हणून रीतसर समिती बसली आहे. तिच्यात दोन निवृत्त मास्तर, पितळी भांड्यांचे एक व्यापारी, एक डॉक्टरीणबाई आणि पदसिद्ध सदस्य म्हणून बाईंचे यजमान. बैठका वेळेवर होतात, कोरम भरतो, मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचलं जातं आणि चहाचं बिल कुणी सरकारच्या नावाने फाडत नाही. एवढ्यावरूनच कळावं की ह्या नियोजनाचा जिल्ह्याशी काही संबंध नाही.

कागदपत्रांचा भाग त्यांनी चुटकीसरशी उरकला. सातबाऱ्यावरची एक नोंद दुरुस्त करायला वर्षानुवर्षं चकरा मारणारी ही माणसं शेंगेन व्हिसाचा अर्ज एका बसणीत भरून मोकळी झाली. माणशी 90 युरो शुल्क त्यांनी हूं की चूं न करता मान्य केलं. निदान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो, तोही काढला. आपल्या गावरस्त्यांवरून जायला अशी अट घातली तर विमा कंपन्या दार लावून घेतील.

मग प्रेक्षणीय स्थळं. पहिला मान पिसाच्या मनोऱ्याला. मोठ्या मास्तरांनी टिपणच वाचून दाखवलं: बांधकाम 1173 साली सुरू झालं, पाया नरम मातीत पडला, दोन-तीन मजले चढताच मनोरा कलला आणि काम पूर्ण व्हायला जवळपास 200 वर्षं लागली.

"पायाच नरम मातीत घातला?" व्यापारी भाऊ म्हणाले. "ठेकेदार आपल्याकडचा होता काय जी?"

सगळे हसले, पण मला त्यात जिल्ह्यासाठी मोठा दिलासा दिसला. आपल्या जिल्ह्यातल्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. तेव्हाचा अंदाजपत्रकी खर्च 372 कोटी. पुढे हजारो कोटी ओतले गेले आणि कालव्याच्या पाण्याची वाट पाहण्यात एक पिढी म्हातारी झाली. लोक उगाच ओरडतात. पिसाच्या हिशेबाने आपल्या हाती अजून दीडशेवर वर्षं आहेत. शिवाय 1990 साली मनोरा धोकादायक म्हणून बंद केला, तेव्हा त्यांनी खालची माती हळूहळू काढून तो थोडासाच सरळ केला आणि 2001 साली पुन्हा उघडला. पूर्ण सरळ केला असता तर बघायला कुत्रंही आलं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. हाच मनोरा भंडारा जिल्ह्यात असता तर एव्हाना तीनदा निविदा निघून ओळंब्यात उभा झाला असता, वर गुलाबी ऑइल पेंट आणि खाली आमदार निधीची पाटी.

दुसरं आकर्षण सिएनाचं 'पालिओ'. 2 जुलै आणि 16 ऑगस्टला गावच्या भर चौकात दहा मोहल्ल्यांचे दहा घोडे खोगिराविना धावतात. स्वार वाटेत पडला आणि नुसताच घोडा पुढे पोहोचला, तरी तो मोहल्ला जिंकतो. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती जिवंत परंपरा!" त्या म्हणाल्या.

ह्याच बाई गेल्या हिवाळ्यात शंकरपटाच्या बैल शर्यतीमुळे गाडी अडकली म्हणून दिवसभर धुसफुसत होत्या. आपल्या पटाला परंपरा म्हणवून घ्यायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं; 18 मे 2023 ला निकाल लागला, तेव्हा कुठे बैलजोड्यांनी मोकळा श्वास घेतला. दिवसा पट आणि रात्री वडस्याच्या कंपनीचं नाटक, पहाटेपर्यंत. असा जोड कार्यक्रम सिएनावाल्यांना अजून सुचलेला नाही, पण तिकीट लावायचं त्यांना सुचलं. चौक फुकट असतो, भोवतालच्या बाल्कन्या मात्र भरपूर भाड्याने जातात.

मद्याचा विषय यजमानांनी काढला, फार दबकत. कियान्तीच्या द्राक्षबागांची हद्द तिथल्या ग्रँड ड्यूकने 1716 साली फर्मान काढून आखून दिली. आज त्या फर्मानाच्या जोरावर बाटली विकली जाते. आपल्या मोहफुलाकडेही सरकारचं लक्ष पिढ्यान्‌पिढ्या आहेच, फक्त ते धाडीच्या रूपाने येतं.

एवढं झाल्यावर लहान मास्तरांनी घोटाळा केला. ते म्हणाले, "इतिहासच पाहायचा तं एक रविवार पवनीले जाऊन येऊ का?"

बैठकीत शोककळा पसरली. त्यांनी तरी रेटून सांगितलं. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून आपल्याच जिल्ह्यातल्या पवनीची जगन्नाथ टेकडी खणली, तेव्हा पोटात इसवी सनापूर्वीचा बौद्ध स्तूप निघाला. भारहुत-सांचीच्या रांगेत बसतील असे कोरीव खांब, ब्राह्मी लेख, मुचलिंद नागाचं शिल्प. गावाच्या तीन बाजूंना जुना तट आणि खंदक, चौथीकडे वैनगंगा. पिसाचा पाया पडला त्याच्या बाराशेहून जास्त वर्षं आधी हे गाव नांदतं होतं.

"हाव जी, पण तिथं पाहाले काय हाय?" व्यापारी भाऊंनी विचारलं. "चहा कुठं भेटते? बसाले जागा कुठं?"

हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नाही हा, आणि मास्तरांकडे त्याचं उत्तर नव्हतं. टस्कनीचा शेतकरी काही जन्मतः पाहुणचारी नव्हता. शेतं ओस पडून माणसं शहरांकडे निघाली, तेव्हा इटलीने 1985 साली कायदा करून शेतकऱ्याला घरी पाहुणे ठेवायची मुभा आणि मदत दिली. जुने गोठे खोल्या झाले, खोल्यांपाठोपाठ रस्ते आणि पाट्या आल्या. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण 2020 साली आलं. ते अंमलात येऊन आपल्या धानाच्या बांधीवर खाट पडेपर्यंत समितीने थांबावं, असं म्हणायची माझी हिंमत नाही. विमानाचे पैसे भरून झाले आहेत.

पवनीचा ठराव अनुमोदक न मिळाल्याने बारगळला. समितीपुढे आता एकच अडचण उरली आहे. टस्कनीत पाव बिनमिठाचा भाजतात, जुनी रीत आहे, आणि हे कळल्यापासून सदस्यांची झोप उडाली आहे. तरी वाचकांना विनंती की कुणाकडे जवसाची चटणी जास्तीची असेल तर पुढच्या रविवारपर्यंत कॉलनीत आणून द्यावी. डबे परत मिळतील.