वारा आडवा, शेरा तिरका
व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी भारतात 200 तासांचे उड्डाण लागते. मुलींना टोमण्यांचे तास वेगळे. शिकाऊ सेसना विमान धावपट्टीवर आपटून उसळले आणि आत मुलगा असला, तर वारा आडवा होता. मुलगी असली, की वारा पडलेलाच असतो. दोष तिच्या हाताचा. रडरच्या पेडलपर्यंत पाय पोचावेत म्हणून पाठीशी उशी घेणारा बुटका मुलगा जिद्दी ठरतो; तीच उशी मुलीने घेतली, तर अपात्रतेचा पुरावा. ‘लग्नानंतर उडणार का?’ हा प्रश्न कोणत्याच अभ्यासक्रमात नाही, तरी हमखास येतो. (मुलग्यांची लग्ने बहुधा जमिनीवरच राहतात.) 1936 मध्ये सरला ठकराल साडी नेसून जिप्सी मॉथ उडवत होत्या, 1985 मध्ये सौदामिनी देशमुखांनी केवळ महिला कर्मचारी असलेले प्रवासी विमान नेले. काही प्रशिक्षकांची खात्री अजून व्हायची आहे.