कपाळावरचा गॉगल

सुरतेहून गाडी निघते, तापी ओलांडते, उत्राण मागे पडतं आणि कोसाड येतं. याच तापीच्या वाटेने खानदेशातून इकडे पोटापाण्याला उतरलेल्या आपल्या माणसांत एक नमुना हमखास भेटतो: कपाळावर गॉगल चढवलेला कारागीर. आमच्या कोसाडचे नाना त्यातले बावनकशी.

नाना मूळचे अमळनेरकडचे. ग्रिल, जाळी, शटर करून देतात. घरात अहिराणी, शेठशी गुजराती, हेल्परशी हिंदी, आणि मी थोडा शिकलेला म्हणून माझ्याशी पुस्तकी मराठी. 'उद्या माल तयार' हे ते चारही भाषांत तितक्याच सहजतेने सांगतात.

नानांकडे साधनं नाहीत असं कुणी म्हणू नये. गॅसकटिंगचा गोल, हिरव्या काचांचा गॉगल आहे. ग्राइंडरसाठी पारदर्शक आहे. काळ्या काचेचं हँडशिल्डसुद्धा खिळ्याला टांगलंय, त्यात कोळ्याने संसार थाटलाय. हिरवा गॉगल सकाळी शटर उघडताना कपाळावर चढतो, रात्री शटर पाडताना उतरतो. मधल्या वेळात तो नाकापर्यंत आलेला कुणी पाहिलेला नाही. नानांच्या कपाळाला मात्र आजवर एकाही ठिणगीने हात लावलेला नाही, हे मान्य करायला हवं.

वेल्डिंगचा टाका मारायची पद्धत अशी. रॉड जागेवर टेकवायचा, मान शेजारच्या अमरोलीकडे वळवायची, डावा डोळा गच्च, उजवा अर्धा मिटायचा आणि 'हं!' करून झोत पाडायचा. कोसाडातल्या बऱ्याच खिडक्यांच्या जाळ्या त्यामुळे किंचित अमरोलीकडे कललेल्या आहेत.

मी एकदा समजावायला गेलो. म्हटलं, नाना, या झोतात अतिनील किरणं असतात, ती बुबुळाची वरची कातडी भाजतात. मान वळवून काय होणार? आणि तो हिरवा गॉगल डोळ्यांवर आणलात तरी या कामाला पुरणार नाही. गॅसच्या कामाला पाच नंबरच्या आसपासची काच चालते, इथे दहाच्या पुढची लागते, तीही तोंड झाकणाऱ्या शिल्डमध्ये. शेवटी तेव्हा लागू असलेला 1948 चा कारखाना कायदा काढला, कलम 35, डोळ्यांचं संरक्षण.

"कायदा कारखान्याला," नाना म्हणाले, "हे दुकान आहे." इतकं चोख वाचन मी वकिलाकडूनही ऐकलं नव्हतं.

या किरणांची खोडी अशी, की काम चालू असताना काही जाणवत नाही. सहाआठ तासांनी, नेमकं मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं खुपायला लागतं. मग काकू उठतात आणि बटाट्याच्या चकत्या कापून नानांच्या डोळ्यांवर ठेवतात. "आमच्याकडे बटाटे माणसं मोजून नाही, डोळे मोजून आणावे लागतात," असं त्या म्हणतात. नाना चकत्यांखालून कण्हतात, "हवा खराब शे."

नानांच्या पुतण्याने एकदा मोबाइलवर नेदरलँड्सचा फुटबॉलपटू एडगर डेव्हिड्स दाखवला. काचबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर हा गडी संरक्षक गॉगल लावूनच मैदानात उतरायचा. नानांनी फोन जवळ घेऊन बराच वेळ निरखलं. "याचं कपाळ उघडंच राहतं की," म्हणाले.

वर्षातून एक दिवस मात्र तो हिरवा गॉगल डोळ्यांवर येतो: 14 जानेवारीला, उत्तरायणाला. अख्खी सुरत गच्चीवर, ताटात उंधियो, बोटांना चिकटपट्ट्या, आणि काच लावलेला मांजा सपासप फिरत असतो. त्या दिवशी डोळे सांभाळणं शहाणपणाचंच. पण साध्या पारदर्शक काचेवर भागलं असतं. नाना लावतात तो लोखंड कापायचा, कारण शेजारच्या गच्च्या भरलेल्या असतात. त्या काचेतून भरदुपारी आभाळात अमावास्या दिसते. चहूकडून 'काप्यो छे!' अशी आरोळी उठते आणि नाना फिरकी धरलेल्या पुतण्याला विचारतात, "कुणाचा गेला रे?"

मागे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बाजूनेही झाकणारा काळा चष्मा दिला, आणि नाना बदलले. तो चष्मा जेवताना डोळ्यांवर, देवपूजेला डोळ्यांवर, भुसावळच्या गाडीत डोळ्यांवर. येणारा जाणारा थांबून विचारपूस करतो, नाना सविस्तर उत्तर देतात. पुढे त्यांना त्याचा आणखी एक गुण सापडला. भाव करताना समोरच्याला आपले डोळे दिसत नाहीत. शेठ आकडा बोलतो, नाना काळ्या काचांआडून नुसते बघतात, आणि शेठ आपणहून पाचपन्नास वाढवतो. डॉक्टरांनी चष्मा काढायला सांगून महिने झाले. नाना ऐकत नाहीत.

परवा दुकानावर गेलो तर सौदा नुकताच ठरला होता. नानांनी रॉड उचलला, काळा चष्मा वर सरकवला, हिरव्याच्या शेजारी नीट बसवला.

"नाना, अहो, आता तरी!" मी ओरडलो.

"याच्यातून काम दिसत नाही ना, भो," म्हणाले आणि त्यांनी मान वळवली.